शाळेची उगवण चाचणी

मुलाने नातीसाठी शाळा निवडायचं काम माझ्यावर सोपवलं तेव्हा मला खरं सांगायचं तर अंगावर मूठभर मांस चढलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये तेहेतीस वर्षं शिकवलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, पण घरात माझ्या अनुभवाला कधी कुणी विचारलं नाही. घरात चालतं ते नवऱ्याचं. त्याचं अमडापूरला बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे, आणि जगातला कुठलाही प्रश्न तो सोयाबीनचा असल्यासारखा सोडवतो. माझ्या गुडघेदुखीवरसुद्धा त्याने आधी निचऱ्याची चौकशी केली होती.

मुलगा बंदरांवरच्या मोठ्या क्रेन दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. कंपनी त्याला दर दीड-दोन वर्षांनी उचलते आणि दुसऱ्या देशात ठेवते. मस्कत झालं, दार-ए-सलाम झालं, रॉटरडॅम झालं, आता मलेशियातलं एक बंदर. नात नऊ वर्षांची. रॉटरडॅमचं घर सोडलेलं, तिचे मलेशियाचे कागद यायचे होते, म्हणून मे महिन्यात तिला आमच्याकडे ठेवून मुलगा आणि सून पुढे गेले. तिचं मराठी आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलून तयार झालेलं, त्यामुळे अस्सल वऱ्हाडी. सून पुण्याची. लेक पहिल्यांदा 'का'ऐवजी 'काऊन' म्हणाली तेव्हा तिने आम्हाला अर्धा तास समजावून सांगितलं होतं की मुलांच्या कानावर काय पडतं ते फार महत्त्वाचं असतं.

तर मुलाने एक तक्ता पाठवला. चार शाळा आणि सत्तावीस रकाने. पोहण्याचा तलाव किती लांब, किती देशांची मुलं, दुपारच्या जेवणात किती प्रकार, झाडं किती, घोडे आहेत का. एका रकान्याचं नाव होतं 'स्थित्यंतर साहाय्य'. हे मी दोनदा वाचलं. आमच्या वेळी नवा मुलगा आला की त्याला पुढच्या रांगेत बसवायचं आणि वर्गाला सांगायचं, याला कुणी त्रास देऊ नका रे. तोवर ज्यांच्या डोक्यातही नसे ते मग त्रास द्यायला लागत. हेच ते साहाय्य असणार, फक्त आता त्याला रकाना मिळाला होता.

मी चष्मा लावून, वही घेऊन बसले. दोन दिवसांत सोळा रकान्यांवर शेरे लिहिले. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने चारही शाळांची माहितीपत्रकं दुकानात छापून घेतली, काउंटरवर मांडली आणि रंगावरून त्यांना नावं दिली. निळी, हिरवी, सोनेरी. चौथीचं पत्रक दोनच पानांचं, साधं, म्हणून ती पांढरी. त्याने निळीचं पत्रक उलटंपालटं केलं, मागे काही छापलंय का पाहिलं आणि म्हणाला, "पाकिटावरचं बोंड कोनाच्याच वावरात लागत नाही."

चार दशकं तो गिऱ्हाइकांना हेच सांगत आलाय. पाकिटावरचं चित्र पाहू नका. शेजाऱ्याच्या वावरात उभं असलेलं पीक पाहा, आणि घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे मोजून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवड्याने उघडून किती उगवले ते मोजा. मेमध्ये दुकानाच्या मागच्या पडवीत अशी सात-आठ गोणपाटं ओली करून ठेवलेली असतात. नात आल्या दिवसापासून त्यांच्यामागे लागली होती. रोज सकाळी ती गोणपाटावर पाणी शिंपडायची आणि उघडायची वेळ आली की कोंब मोजायची. एखादा दाणा उगवला नसेल तर त्याला दोन दिवस जास्त द्या म्हणून आजोबांशी भांडायची.

सोनेरी शाळेची मुलाखत दुकानातूनच द्यायची ठरली. घरी नेट म्हणजे लहरी कारभार, आणि दुकानात खतविक्रीची नोंद करायच्या मशीनसाठी चांगली लाइन घेतलेली. दुपारी तीनची वेळ. त्या वेळी दुकानात कूलरच्या वाऱ्याला पाच-सहा शेतकरी बसलेले असतात, ज्यांना काहीही विकत घ्यायचं नसतं. मी त्यांना उठवायला गेले तर नवरा म्हणाला, राहू दे, गिऱ्हाईक आहेत.

मुलाखतीच्या आधी नातीनेच मला तयार केलं. तिच्याकडून मी प्रश्न-उत्तरं पाठ करून घेणार होते, पण झालं उलटंच. ती म्हणाली, आजी, घर कुठे असं विचारलं की गावाचं नाव नाही सांगायचं. माझी माणसं असतात तिथे माझं घर, असं सांगायचं. ते त्यांना आवडतं. मग आवडता छंद विचारतील, तेव्हा दोन सांगायचे, एक खेळ आणि एक शांत. मित्र कसे करतेस विचारलं की थोडं थांबायचं, विचार केल्यासारखं करायचं, मग सांगायचं. मी हसले. आमच्या केंद्रातल्या शिक्षकांनी वरून तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी अशी तयारी केलेली मी पाहिली होती, पण नऊ वर्षांच्या पोरीने केलेली नव्हती. हसता हसता मला आतून फार वाईट वाटलं.

मुलाखत सुरू झाली. पडद्यावर एक गोड बाई. नातीच्या मागे कीटकनाशकांच्या बाटल्यांचा रॅक होता. बाईंना ती प्रयोगशाळा वाटली आणि त्या फार खूश झाल्या. घर कुठे, हा प्रश्न आला. नातीने ठरलेलं उत्तर दिलं. बाईंनी छातीवर हात ठेवला. मित्रांचा प्रश्न आला. नात थांबली, छताकडे पाहिलं, मग बोलली. बाई लिहून घेत होत्या. मग त्यांनी घरच्या भाषेत काहीतरी बोल म्हटलं. नात म्हणाली, "काय करून राह्यल्या बाई, जेवल्या का नाही?" बाईंनी टाळ्या वाजवल्या. सून हे ऐकायला नव्हती हे बरं झालं.

एवढ्यात कूलरजवळ बसलेला एक शेतकरी, जो गेली दहा वर्षं दुकानात फक्त बसायला येतो, तो म्हणाला, "मॅडमले इचार, पोट्टी तिथं नाही रुजली तं मंग काय?"

नातीने भाषांतर केलं. मी डोळे मिटून घेतले. पण बाई गंभीर झाल्या आणि म्हणाल्या की हा फार खोल प्रश्न आहे, त्यासाठी शाळेकडे चौदा पानी धोरण आहे. नातीने ते सांगितलं. शेतकरी म्हणाला, चौदा पानं म्हणजे गॅरंटी नाही. दुसऱ्याने त्याला दुजोरा दिला. त्याने मागच्या वर्षी नऊ पानांच्या पत्रकाचं बियाणं घेतलं होतं. बाईंनी विचारलं, हे सगळे कोण? नात म्हणाली, माझे सल्लागार. दुसऱ्या दिवशी शाळेचं पत्र आलं, त्याची सुरुवात 'आपल्या सल्लागार मंडळास सादर नमस्कार' अशी होती. नवऱ्याने ते छापून काउंटरच्या काचेखाली ठेवलं. अजून आहे.

माझ्या शेऱ्यांची वही मात्र कोणी उघडली नव्हती. मी तसं बोलूनही दाखवलं. नवरा म्हणाला, शेरे ठीक आहेत, पण आपण आधी उभं पीक पाहू. म्हणजे अशा शाळांमधून शिकून निघालेलं एखादं माणूस समोर बसवून पाहू. मी विचारलं, बुलढाणा जिल्ह्यात असं माणूस कुठे मिळणार? तो म्हणाला, देऊळघाटला आहे.

देऊळघाटला त्याचे एक जुने स्नेही आहेत, कापसाचे व्यापारी. त्यांचा मुलगा आखाती देशांत नोकरीला, आणि त्याची मुलगी तीन देशांतल्या अशाच शाळांमधून शिकून आता कॉलेजात गेलेली. सुट्टीला आजोबांकडे आली होती. रविवारी आम्ही तिघं गाडीने देऊळघाटला गेलो. त्यांनी आग्रहाने जेवायला घातलं, आणि मग त्या वीस वर्षांच्या मुलीला समोर बसवून माझ्या नवऱ्याने पीकपाहणी सुरू केली. तब्येत कशी राहते? झोप लागते का? हवापाणी बदललं की काही त्रास? आजोबांचं ऐकतेस का? मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती मुलगी मात्र हसत, अदबीने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होती. असल्या मुलाखती तिने शेकड्याने दिल्या असणार.

शेवटी तिचे आजोबाच म्हणाले, "माशाल्ला, पीक तं चांगलं आलं भाऊ. पन वावर कोन्तं म्हनून इचारलं तं तिले सांगता येत नाही."

सगळे हसले. ती पण हसली, जरा उशिराने.

तेव्हा नात पहिल्यांदा बोलली. एवढा वेळ ती शेवयांची वाटी घेऊन बसली होती. तिने त्या मुलीला इंग्रजीत एकच विचारलं, तुला किती दिवस लागले? कशाला, हे तिने सांगितलं नाही आणि त्या मुलीने विचारलंही नाही. तिने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, पहिल्या शाळेत आठ, दुसऱ्या शाळेत तीस, तिसऱ्या शाळेत सत्तर. नातीने मान हलवली. जणू दोन गावच्या पोस्टमास्तरांची गाठ पडली होती आणि आम्ही बाकीचे पाकिटं होतो.

मी विचारलं, कशाचे दिवस? नातीने मला समजावून सांगितलं, माझ्याच वर्गात मी मठ्ठ पोरांना समजावत असे तसं. नव्या शाळेत पहिला आठवडा तुला एक जोडीदार देतात. तो तुझ्याबरोबर जेवतो, खेळतो. पण ते त्याचं काम असतं, म्हणून ते धरायचं नाही. दुसऱ्या सोमवारी तो निघून जातो. मग मोजत राहायचं. कोणत्याही बाईंनी न सांगता ज्या दिवशी कोणीतरी स्वतःहून म्हणेल, चल, त्या दिवशी मोजणं थांबवायचं.

तुझे किती, मी विचारलं. मस्कतचं तिला आठवत नव्हतं, लहान होती. दार-ए-सलामला एकोणीस. आणि रॉटरडॅम?

"तिथं मोजनं थांबलंच नाही," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं, मंग आपून निंघालो."

परतीच्या वाटेवर नवऱ्याने चिखलीला चहासाठी गाडी थांबवली. मला सगळ्यांचाच राग आला होता. रॉटरडॅमच्या त्या शाळेचा, मुलाचा, क्रेनच्या कंपनीचा, घोड्यांच्या रकान्याचा. नवऱ्याने बशीत चहा ओतला आणि म्हणाला की त्या तक्त्यात हा रकानाच नाही.

घरी आल्यावर त्याने अठ्ठाविसावा रकाना पाडला. नातीने इंग्रजीत पत्र लिहिलं, मी शुद्धलेखन तपासलं, त्यात एकही चूक नव्हती. चारही शाळांना एकच प्रश्न: तुमच्याकडे नव्या मुलाला, शिक्षकांनी न सांगता, पहिल्यांदा कोणी आपणहून खेळायला किंवा जेवायला बोलावलं, त्याला किती दिवस लागले? खाली सही सल्लागार मंडळाची.

निळ्या शाळेचं उत्तर तासाभरात आलं. सोबत एक चित्रफीत, तिच्यात सगळ्या रंगांची मुलं हळूहळू पळत होती. हिरवीने 'आपलेपणाची चौकट' नावाची पुस्तिका पाठवली. सोनेरीने कळवलं की त्यांच्या आपलेपणा विभागाचे प्रमुख आमच्या मंडळाशी बोलायला उत्सुक आहेत, कुठला वार सोयीचा पडेल? आमच्या मंडळाला गुरुवार सोडून कुठलाही चालला असता, गुरुवारी चिखलीला जायचं असतं. दिवस मात्र कोणीच सांगितले नाहीत. पांढरीचं तर उत्तरच आलं नाही. मी माझ्या वहीत तिच्यापुढे 'बेफिकीर' असा शेरा मारला.

नवव्या दिवशी पांढरीचं पत्र आलं. सोबत एका कागदाचा फोटो. गेल्या वर्षी आलेल्या मुलांना विचारून बाईंनी तो भरून घेतला होता, ज्याचं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं. तीन. बारा. चाळीस. एकाने आकड्याऐवजी फुटबॉल काढला होता. एकाने लिहिलं होतं, नंतर विचारा. आणि खालच्या कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरात: अजून नाही. बाईंनी पत्रात दोनच ओळी लिहिल्या होत्या. हे शेवटचं आम्हाला माहीत नव्हतं. तुमच्या मंडळाने विचारलं म्हणून कळलं.

नवऱ्याने तो फोटो मोठा करून, चष्मा पुसून खूप वेळ पाहिला.

"यायनं पोतं उघडून पाह्यलं," तो म्हणाला.

मी वहीतला शेरा खोडला. तेहेतीस वर्षांत मी शेरा खोडल्याचं मला आठवत नाही.

आता प्रश्न मुलाचा होता. पांढऱ्या शाळेला तलाव नव्हता, घोडे नव्हते, सत्तावीसपैकी अकरा रकाने रिकामे होते. फोनवर तो वैतागला. असे दिवस मोजून कोणी शाळा निवडतं का? मग त्याने हुकमाचं पान टाकलं: मी पण पाच शाळा बदलल्या ना, तुझ्या बदल्यांपायी. माझं काही बिघडलं का?

हे खरं होतं. मी बदलीच्या नोकरीतली बाई. देऊळघाट, मग नांदुऱ्याजवळचं एक खेडं, मग चिखली तालुक्यातली दोन गावं, शेवटी अमडापूर. दुकान सोडून नवऱ्याला हलता येत नव्हतं, म्हणून मी जिथे जाईन तिथे पोरगं माझ्यासोबत, माझ्याच शाळेत, टेम्पोत सामानावर बसून. कुठेही गेला तरी चार दिवसांत पोरांमध्ये मिसळायचा. मी तसं त्याला सांगितलं, थोड्या अभिमानानेच. काही बिघडलं नाही, म्हटलं.

नातीने फोन माझ्या हातातून घेतला. "बाबा, मंग तुमी बी तुमचे दिवस भरा," ती म्हणाली. तिने माझ्याकडून पाचही गावांची नावं विचारून घेतली, तक्त्याच्या तळाशी पाच ओळी वाढवल्या आणि पाठवून दिल्या. मुलगा हसला आणि बरं म्हणाला.

तक्ता दोन दिवसांनी परत आला. सोबत फक्त एवढंच लिहिलेलं: पांढरी चालेल. नवरा दुकानात होता, नात पडवीत गोणपाटं भिजवत होती. मी तळाच्या ओळी पाहिल्या. देऊळघाट, चार. चिखलीकडची दोन गावं, नऊ आणि सहा. अमडापूर, दोन. आणि नांदुऱ्याजवळचं खेडं, जिथे आम्ही तीन वर्षं काढली, त्याच्यापुढे आकडा नव्हता. तिथे त्याने लिहिलं होतं, थांबलं नाही.

मला ते कळेना. त्या शाळेचा व्हरांडा मला अजून दिसतो. मधल्या सुट्टीत मी तिथे उभी राहायचे आणि हा पोरांच्या घोळक्यात असायचा. रोज. रोज मी स्वतः पाहायचे. मी संध्याकाळी त्याला फोन लावला आणि विचारलं, अरे, तिथे तर तुझ्याभोवती पोरं असायची, मी त्यांना रोज सांगायचे याला खेळायला घ्या म्हणून.

तो कित्येक वर्षांनी माझ्याशी घरच्या बोलीत बोलला. "तू आत गेली का ते खेळनं थांबवत, आई. त्यायची चूक नव्हती. त्यायले तेवढंच सांगेल होतं."

मग त्यानेच विषय बदलला, पासपोर्टचं काहीतरी विचारलं.

जुलैच्या शेवटी नात गेली. जाताना तिने उगवलेल्या दाण्यांची एक पुरचुंडी मागितली. आजोबांनी समजावलं की विमानतळावर घेऊन टाकतील, म्हणून तिने फोटोवर भागवलं. गाडीत बसण्याआधी ती मला बाजूला घेऊन गेली. पांढऱ्या शाळेच्या बाईंचा पत्ता माझ्याकडे आहे हे तिला माहीत होतं.

"आजी, तू त्या बाईले काही सांगजो नको," ती म्हणाली.

मी बरं म्हटलं. त्यानंतर तीन वेळा मी त्या बाईंना पत्र लिहिलं. पहिलं एका ओळीचं होतं, दुसरं पानभर, तिसऱ्यात माझ्या तेहेतीस वर्षांच्या अनुभवाचा उल्लेख होता. तिन्ही पुसून टाकली. नवरा रोज दुकान उघडल्यावर आधी तक्त्यात नातीने तिचे दिवस भरले का ते पाहतो, मग कूलरजवळच्या सल्लागारांना मान हलवून नाही म्हणून सांगतो, आणि ते उगवणीचा अंदाज बांधत बसतात.

आज तिच्या शाळेचा सोळावा दिवस. रकाना रिकामा आहे. मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही.